सुभेदारांची आराधना

विन्सेंट सरांचं नाव जरी काढलं तरी अजून माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाती. माणूस वाईट न्हाई, असं शेजारच्या हरणाबाई म्हणत्यात. नसंल वाईट. पण भर चर्चमधी, उघड्या साक्रामेंताच्या म्होरं, माझ्या नवऱ्याच्या तोंडाला माईक लावला कुणी? त्यांनीच न्हवं? मग मी काय आता त्यांचं कौतुक करत बसू?

नीट सांगते. मी राहीबाई. आमचं मालक अर्जुना, फौजेतनं सुभेदार म्हणून रिटायर झाल्यालं. गाव त्यास्नी सुभेदारच म्हणतंय, मी बी तेच म्हणते. पलूसच्या अलीकडं आमचं घर, थोडा ऊस, दोन म्हशी. सासऱ्यांच्या वडलांपासनं आमचं घराणं कॅथलिक. ह्या मुलखात आमी मूठभर. कारखान्याच्या रस्त्याला आमचं पत्र्याचं चर्च हाय, आन् मिस्साला, म्हंजे रविवारच्या उपासनेला, फादर सांगलीसनं मोटरसायकलवर येत्यात.

दोन वर्सांमागं ऊस तुटत हुता, तवा सुभेदार बांधावर उभं हुतं ते उभ्याचं खालीच बसलं. लेक संयोगिता साताऱ्यात दिल्याली, तिनं गाडी करून तिकडच्या दवाखान्यात न्हेलं. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालत्यात, आन् बोलणं गेलं. लोकांस्नी मी एवढंच सांगितलं, बोलणं गेलं म्हणून. खरी गोष्ट घरात फकस्त मला आन् संयोगिताला ठावं.

बोलणं सगळं गेलं, पण एक शब्द ऱ्हायला. भडव्या.

व्हय, तोच. माझ्या तोंडात बी तो बरा दिसत न्हाई, पण झाकून सांगायचं तर मग सांगूच कशाला? फौजेत नव्या पोरांस्नी कवायत शिकवायचं काम त्यांच्याकडं हुतं. तितं म्हणत असतील दिवसभर. सुट्टीला घरी आलं तर एकदा बी त्यांच्या तोंडातनं तो शब्द मी ऐकला न्हवता. आन् आता दुसरा शब्दच न्हाई. चहा पायजे, भडव्या. म्हस सुटली, भडव्या. नात मांडीवर घेऊन लाडानं तिच्या केसांतनं हात फिरवायचा आन् म्हणायचं काय, तर भडव्या. ती येडी पोर हसती.

साताऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितलं. मेंदूतली बोलायची जागा मेली, पण शिव्या दुसऱ्या कोपऱ्यात असत्यात, तो कोपरा वाचलाय. "ते मुद्दाम म्हणत नाहीत मावशी. त्यांच्या मनात बरोबर शब्द असतो, तोंडातून हा येतो. आणि त्यांना सगळं समजतंय, तेवढं विसरू नका."

सगळं समजतंय, हेच तर वाईट हुतं. दवाखान्यातनं घरी आल्यावर पैल्या रविवारी आमी दोघं येशूच्या फोटोम्होरं बसलो. आयुष्यभर ह्या माणसानं घरात प्रार्थना सांगितली, मी पाठीमागनं म्हणायची. सवयीनं त्यांनी कपाळाला बोट लावलं, तोंड उघडलं, 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणायला गेलं, आन् बापाच्या जागी तो शब्द पडला. परत सुरू केलं, परत तोच. तिसऱ्यांदा मीच त्यांच्या तोंडावर हात ठेवला. सुभेदार रडलं. त्या दिवसानंतर त्यांनी प्रार्थनेला तोंड उघडलं न्हाई. रविवारच्या मिस्साला बी यायचं बंद केलं, कारण मिस्सामधी पावलापावलाला उत्तर द्यावं लागतंय, आन् शेजारचा माणूस वळून बघतोय, हे का गप म्हणून.

मग एक जागा सापडली. पैल्या शुक्रवारची आराधना.

ज्यांस्नी ठावं न्हाई त्यांच्यासाठी सांगते. त्या पातळ पांढऱ्या भाकरीत येशू सोता हाय, अशी आमची श्रद्धा. महिन्याच्या पैल्या शुक्रवारी संध्याकाळी फादर ती भाकरी, तिलाच आमी साक्रामेंत म्हणतो, सोनेरी किरणांच्या पात्रात, काचंच्या मागं, सगळ्यांस्नी दिसंल अशी वेदीवर ठेवत्यात. धूप दावत्यात. मग आमी म्होरं बसायचं. जुन्या फादरांची रीत अशी हुती की सुरवातीला एक गाणं, शेवटाला आशीर्वाद, आन् मधला सगळा वेळ कुणी ब्र काढायचा न्हाई. ते म्हणायचे, तुम्ही त्याच्याकडं बघा, तो तुमच्याकडं बघंल, बास. 

तितं सुभेदारांस्नी कुणी काय इचारत न्हवतं. सगळेच गप, त्यात हे बी गप. कडक इस्त्रीचा सदरा घालून पैल्या बाकावर बसायचं, डावा हात गुडघ्यावर, नजर वेदीवर. माणसं पाच न्हाईतर सात. मी म्हणायची, महिनाभर ह्या माणसाची तगमग बघते, पण हितं त्यांच्या जिवाला शांती मिळती. हरणाबाईंला सांगायची, संयोगिताला फोनवर सांगायची. दर पैल्या शुक्रवारी दुपारपासनंच ते दाढी करून ओट्यावर बसल्यालं असायचं.

आन् हे सगळं बरं चाललं हुतं, ते विन्सेंट सरांस्नी बघवलं न्हाई.

सर मूळचं साताऱ्याचं, हितं हायस्कुलाला हेडमास्तर म्हणून आलं आन् रिटायर होऊन हितंच ऱ्हायलं. पॅरिश कौन्सिलचं, म्हंजे चर्चच्या कमिटीचं, सेक्रेटरी. निम्म्या पोरांस्नी धर्मशिक्षण त्यांनीच दिल्यालं, म्हणून कुणी त्यांच्या शब्दाबाहेर जात न्हाई. जुनं फादर बदलून गेलं, त्यांच्या जागी फादर नेल्सन आलं, वसईकडचं, मिसरूड फुटल्यालं पोरगंच म्हणा. सरांस्नी आयतंच मिळालं. एका रविवारी मिस्सा झाल्यावर, सगळी दारात उभी असताना सर म्हणलं, "बुधवारच्या नोव्हेनाला दहा माणसं, पहिल्या शुक्रवारच्या आराधनेला पाच. फादरांची फेरी दोनदा. त्यापेक्षा एकत्र करू. साक्रामेंत वेदीवर असतानाच रोझरी, नित्य साहाय्य मातेची नोव्हेना आणि लितानी. चर्च भरेल."

मी म्हणलं, "सर, मग गप कवा बसायचं?"

"गप बसायला घर आहे की राहीबाई."

लोक हसलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घर हाय म्हणं! म्हणलं, "सर, आवं, पावणा घरी आला तर त्याच्याम्होरं बसून त्याच्या आईचं गुणगान गात ऱ्हाता व्हय तुमी? त्याच्याशी बोलायचं का न्हाई कुणी?" 

"येशूला त्याच्या आईचं कौतुक आवडणार नाही असं वाटतं का तुम्हाला?" सर म्हणलं. मातेच्या विरोधात मी, असं झालं. मी जन्मभर माळ ओढत मातेची रोझरी म्हणणारी बाई. फादर नेल्सन चुळबुळ करत म्हणलं, "रोझरीला हरकत नाही, पण थोडी शांतता ठेवूया." सरांनी मान हलवली. हेडमास्तर पोराचं ऐकून घेताना हलवत्यात तशी.

पैला एकत्र शुक्रवार आला. चर्च भरलं, खोटं कशाला बोलू. दुचाक्याच दुचाक्या उभ्या. साक्रामेंत वेदीवर ठेवला, धूप झाला, आन् लगीच बाजूच्या खांबाजवळ मातेची तसबीर, तिला हार, आन् सगळी त्या तसबिरीकडं तोंड करून. वेदीकडं पाठ झाली हे कुणाच्या ध्यानात बी आलं न्हाई. रोझरी पळवली, ऊस भरल्यालं ट्रॅक्टर वजनकाट्यावर पळवत्यात तशी. मग नोव्हेना, मातेकडं मागणं मागायची प्रार्थना. मग लितानी. गप बसायचा वेळ कुटं गेला, ते सरांनाच ठावं. सुभेदार माझ्या शेजारी बसून घामाघूम झालं हुतं. म्हणलं, जाऊया का? त्यांनी मान हलवली, न्हाई. नजर तेवढी वेदीवर.

लितानीला सरांनी नवीन रीत काढल्याली. घरटी एक ओळ. माईक बाकाबाकावरनं फिरवायचा, घरातल्या कर्त्या माणसानं मातेचं एक नाव घ्यायचं, बाकीच्यांनी म्हणायचं, आमच्यासाठी विनंती कर. म्हंजे सगळ्यांचा सहभाग! आमच्या बाकाजवळ माईक आला तवा मी उठले आन् हात केला. सर म्हणलं, "तुम्ही नको. सुभेदारांचा मान आहे."

"सर, त्यास्नी बोलाय येत न्हाई."

"नुसतं आमेन म्हटलं तरी चालेल. सगळ्यांना ऐकू दे त्यांचा आवाज." आन् माणसानं चांगुलपणाच्या तोऱ्यात माईक सरळ त्यांच्या ओठाला लावला.

मी माईक धरायच्या आत सुभेदारांनी तोंड उघडलं. मी शेजारीच हुते, मला दिसलं. त्यांस्नी म्हणायचंच हुतं. एवढ्या लोकांत, नाव घेऊन मान दिला म्हणून गडी ताठ उभा ऱ्हायला, छाती काढली, आन् पाठ असल्यालं 'हे करुणामय माते' म्हणायला गेला.

"भडव्या!"

दोन्ही भिंतींवरच्या कर्ण्यांतनं आलं ते. परेड ग्राउंडवरचा आवाज, वर माईक. पत्रा थरारला. आन् मागनं चारपाच बायांनी, सवयीनं, काय ऐकलं त्याचं भान नसताना म्हणून टाकलं, आमच्यासाठी विनंती कर.

कुणीतरी फस्सकन हसलं. कुणी 'येशू येशू' केलं. सरांनी माईक असा ओढून घेतला, जणू इस्तू लागला. सुभेदार उभंच. सगळीकडं बघत्यात, मग माझ्याकडं. ते बघणं मी मेले तरी इसरायची न्हाई. हाताला धरून बाहेर आणलं त्यास्नी. बाहेर आल्यावर माझ्या कानावर आतनं आलं, पुढची ओळ सुरू झाली हुती. थांबलं सुदिक न्हाई कुणी.

दुसऱ्या दिवशी सर घरी आलं. एकटंच, हातात सफरचंदांची पिशवी. आजारी माणसाला भेटाय येत्यात तसं. बसलं न्हाईत, ओट्याखाली उभ्या उभ्याच सुरवात केली. "राहीबाई, गैरसमज करून घेऊ नका. कुणाला राग नाही. पण परमपवित्र साक्रामेंतासमोर असं होणं बरं नाही. लहान मुलं असतात. मी असं सुचवतो, सुभेदारांनी बाहेर ग्रोटोजवळ बसावं. खुर्ची ठेवू, पंखा लावू. कर्ण्यावर सगळं ऐकू येईल. मिस्साला आले तर फादर ख्रिस्तप्रसाद बाहेर आणून देतील."

ग्रोटो म्हंजे चर्चच्या आवारातली मातेची दगडाची गुहा. म्हंजे चपला काढायच्या जागंच्या पलीकडं. बांधून घातल्यागत.

"माझा नवरा काय पिऊन आलता का चर्चमधी?" मी म्हणलं. आवाज चढला माझा, चढू दे. "देवाच्या म्होरं ह्या पंचक्रोशीतल्या कुणाकुणाची तोंडं काय काय बोलून आल्याली असत्यात, ते मला इचारा. बांधावरनं भावाचं डोकं फोडणारं पैल्या बाकावर बसतंय, सुनंला उपाशी ठेवणारी रोझरी सांगती. ती आत. आन् ज्याच्या मेंदूतली नस फुटली, तो बाहेर? त्यांच्या तोंडाला माईक लावा म्हणून मी आले हुते व्हय तुमच्या पाया पडाय?"

"मला कल्पना नव्हती, तुम्ही कधी सांगितलं नाही..."

"काय सांगू? दवंडी पिटू?"

तेवढ्यात सुभेदार आतनं आलं. पाय ओढत, डाव्या हातानं खुर्ची ढकलत ढकलत. दारात पावणा उभा हाय आन् बायको भांडत्या, हे त्यांस्नी सोसत न्हाई. खुर्ची सरांच्या म्होरं आणून ठेवली, बसा म्हणून हात केला, आन् अगदी आदबीनं, मान लववून म्हणलं, "भडव्या."

सरांचं तोंड असं लाल झालं. सफरचंदं ओट्यावर ठेवली आन् तरातरा निघून गेलं. "आवं सर, बसा म्हणत्यात ते, बसा म्हणत्यात!" मी वरडले, पण ऐकतंय कोण? सुभेदार खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून कितीतरी वेळ फाटकाकडं बघत ऱ्हायलं. त्यांच्या तोंडाकडं बघून मला हुंदका आला आन् राग बी, दोन्ही एकदमच. त्या सफरचंदांतलं एक फोडून म्हशीला घातलं, तवा जरा बरं वाटलं.

सोमवारी मी एष्टी धरून सांगलीला गेले. फादरांच्या बंगल्यावर. फादर नेल्सन जेवाय बसलं हुतं, ताट सोडून उठलं. मी पाणी बी घेतलं न्हाई. 

"फादर, मला एकच सांगा. साक्रामेंत वेदीवर उघडा ठेवायचा कशाला? त्याच्याकडं बघायला का नोव्हेना उरकायला?"

पोरगं खरं बोलणारं निघालं. म्हणलं, "त्याच्याकडं बघायला. नियमच आहे तसा. रोझरी चालते, कारण तिच्यात येशूच्याच आयुष्याचं चिंतन आहे. पण मातेची, संतांची नोव्हेना करायची म्हणून साक्रामेंत वेदीवर उघडा ठेवायचा नाही. नोव्हेना आधी करावी, वेगळी. आणि आराधनेत शांतता हवीच."

"मग हे तुमास्नी ठावं हुतं."

फादरांनी उष्टा हात सदऱ्याला पुसला.

"ठावं हुतं आन् तुमी तोंड शिवून बसला? माझ्या नवऱ्याचं तोंड देवानं काढून घेतलं. तुमचं कुणी काढून घेतलं? विन्सेंट सरांनी?"

बोलून गेले आन् मग वाटलं, लय झालं. धर्मगुरूला कुणी असं बोलत न्हाई. माझ्या सासूनं ऐकलं असतं तर मुस्काट फोडलं असतं. फादरांच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणलं, "राहीबाई, चर्च भरलेलं बघून मला बरं वाटलं हो. नवीन आहे मी. रिकाम्या बाकांसमोर उभं राहायची भीती वाटते." मग म्हणलं, "पुढच्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सुभेदारांना घेऊन या. पहिल्या बाकावर. बाकीचं मी बघतो."

घरी येऊन सुभेदारांस्नी सांगितलं तर ते ऐकूनच घेईनात. भिताडाकडं तोंड करून झोपायचं. महिनाभर दाढी केली न्हाई त्यांनी. त्यांनी परत त्या दारातनं आत जावं, एवढंच मला पायजे हुतं. ती एक जागा तुटली असती तर हा माणूस घरात बसून बसून संपला असता, मला दिसत हुतं ते. त्या शुक्रवारी मीच सकाळी वस्तरा घेऊन बसले. म्हणलं, "आवं, फौजेतलं सुभेदार तुमी, आन् एका हेडमास्तरला भ्यालासा व्हय?" तवा कुटं गालफाड म्होरं केलं.

चर्च भरल्यालंच हुतं. आमी आत गेलो तशा माना वळल्या. वळू द्या म्हणलं. पैल्या बाकावर बसवलं त्यास्नी. पैली नोव्हेना झाली, मातेच्या तसबिरीम्होरं, मन लावून, मी बी म्हणली. साक्रामेंत आतच, कुलपात. मग फादर उभं ऱ्हायलं, आन् माईक बंद करून मोठ्यानं म्हणलं, "नोव्हेना संपली. आता मी साक्रामेंत वेदीवर ठेवणार. आशीर्वाद होईपर्यंत आता कोणी काही म्हणायचं नाही, मी सुद्धा नाही. ज्यांना थांबायचं त्यांनी थांबा."

सर उठून काय तरी म्हणाय लागलं. फादर म्हणलं, "सर, नंतर बोलू." आवाज कापत हुता, पण बोललं.

धूप झाला, गाणं झालं, आन् सगळं गप झालं. आन् मग चपलांचा आवाज सुरू. पैली मागची गेली, मग मधली. कुणाचा सैपाक, कुणाची एष्टी. गुडघा टेकायचा, क्रूस करायचा, चालू पडायचं. ज्यासाठी आली ते उरकलं हुतं. ज्याच्यासाठी चर्च बांधलं तो वेदीवर बसल्याला, आन् त्याच्यापास्नं लोक काढता पाय घेत्यात! बघता बघता बाकं रिकामी. ऱ्हायलो कोण, तर आमी दोघं, हरणाबाई, पायरीवर गुडघं टेकून फादर, आन् सगळ्यात मागं विन्सेंट सर. 

मी जितले हुते. हे माझ्या मनात आलं, खरंच सांगते. जितले. शांत झालं सगळं, पैल्यासारखं. आता ह्यांच्या जिवाला शांती मिळंल, म्हणून मी डोळं मिटून घेतलं.

"भडव्या."

हळू. माझ्या शेजारनं. मी डोळं उघडलं. सुभेदार माझ्याकडं बघत न्हवतं. वेदीकडं बघत हुतं, त्या पांढऱ्या भाकरीकडं. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, गप बसा म्हणून. त्यांनी माझा हात झटकून टाकला. दोन वर्सांत पैल्यांदा झटकला. आन् बाकाला धरून उभं ऱ्हायलं.

"भडव्या. भडव्या!"

चहा मागतानाचा त्यांचा सूर मला ठावं. नातीचा लाड करतानाचा ठावं. सरांस्नी बसा म्हणलेला सूर तर लाखात वळखीन. पण हा सूर मी कवाच ऐकला न्हवता. आधी इचारल्यागत. का. मग जाब इचारल्यागत. मग चढत गेला, चढत गेला, छातीच्या भात्यातनं, मानेच्या शिरा फुगल्या, डाव्या हातानं आपल्या लुळ्या हाताला धरून तो वर उचलून दावत हुतं त्याला, हे बघ, हे बघ काय केलंस. एकच शब्द, पण मला सगळं ऐकू येत हुतं. मी तुझी चाकरी केली. सीमेवर तुझं नाव घेत उभा ऱ्हायलो. आन् तू माझ्या तोंडात काय ठेवलंस? हे? हेच?

आन् मला कळलं. कसली शांती? दोन वर्सं हा माणूस ह्या बाकावर दात आवळून बसत हुता. तोंड उघडलं तर काय बाहेर पडंल ह्या भ्यानं. आन् मी जगाला सांगत फिरत हुते, हितं त्यांच्या जिवाला शांती मिळती म्हणून. सरांनी त्यांस्नी बाहेर बसा म्हणलं. मी काय वेगळं केलं? आत बसवलं आन् गप बसा म्हणलं. ह्या गपपणासाठी मी सांगलीपत्तुर जाऊन भांडून आले, आन् ह्यास्नी एकदा तरी इचारलं का, तुमास्नी काय पायजे? जो मला सगळ्यांचा आला हुता, तो राग मला माझाच आला.

मागं बाक करकरलं. विन्सेंट सर मधल्या वाटंनं येत हुतं, जोरात. "राहीबाई, त्यांना बाहेर घ्या! समोर साक्रामेंत आहे!"

मी उठले आन् वाटंत आडवी उभी ऱ्हायले.

"सरका."

"न्हाई सरकत."

"अहो, शिव्या देतायत ते! देवाला!"

"व्हय. देवाला. तुमच्याशी न्हाई बोलत ते, सर. तुमी जावा आन् तुमच्या जागंवर बसा."

सरांनी माझ्या खांद्यावरनं वेदीकडं बघितलं. "फादर!" म्हणून हाक मारली. फादर नेल्सन पायरीवर गुडघं टेकून तसंच. मागं वळलं न्हाईत. कानाच्या पाळ्या लाल झाल्याल्या मला दिसल्या, मान आणखीन खाली गेली, पण जागचं हाललं न्हाईत. हरणाबाई तोंडाला पदर लावून रडत हुत्या. सर तितंच उभं ऱ्हायलं, ना म्होरं ना मागं.

आमच्या आवाजानं सुभेदार थांबलं. धापा टाकत हुतं. आजूबाजूला बघितलं, सरांस्नी बघितलं, आन् त्यांच्या तोंडावर परत तेच आलं, त्या माईकच्या दिवसाचं. खांदं पडलं. खाली बसाय लागलं.

मी त्यांच्याकडं गेले आन् काखेत हात घालून त्यास्नी धरलं. बसू दिलं न्हाई.

"आवं, थांबला कशाला?" मी म्हणलं. "बोला. अजून आशीर्वादाला वेळ हाय."

सुभेदारांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग परत वेदीकडं तोंड केलं आन् बोलाय लागलं.